शिरपा माघारी फिरत नाही

"दोन दिसांला एवढी बॅग?"

अण्णा उंबऱ्यावर तयार होऊनच बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, पायात लग्नाकार्यालाच बाहेर निघणाऱ्या कोल्हापुरी वहाणा. मी रिक्षातून उतरून बॅग ओढत दारात आले, तर माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी त्यांची नजर बॅगेवर गेली.

"साड्या आहेत, अण्णा. फॉल लावायच्यात."

"नाशकात फॉल लावत न्हाईत?"

"लावतात. पण मंगलमावशीसारखा हात नाही कुणाचा."

अण्णांनी मान डोलावली. ती पटल्याची होती की नुसतीच, ते कळलं नाही. "बरं. ठेव आत. चूळ भर, च्या घे. बाराला शो हाय. पोपट दोन खेपा घालून गेला."

बॅगेत साडी एकच होती. बाकी माझी सर्टिफिकेटं, आईचा फोटो, शिवणाची कात्री आणि हिवाळ्याचा स्वेटर. चैत्राच्या उन्हात स्वेटर घेऊन कोणी दोन दिवसांसाठी माहेरी येत नाही. मी नाशिकचं घर सोडून आले होते, कायमचं. हे अण्णांना आज सांगायचं होतं. पिक्चरच्या आधी की पिक्चरनंतर, एवढं एकच एसटीत बसल्यापासून ठरत नव्हतं.

चहा ओतून घेतला. गल्लीत यंत्रमागांची खटक-खटक चालू होती. विट्यात जन्मलेल्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही. त्या दिवशी मात्र एकेक ठोका कानात वाजत होता. मी बाहेरच्या खोलीत आले. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली व्हिडिओ गेमचं मशीन उभं होतं. चादरीवर खंडेनवमीची झेंडूची माळ, वाळून तपकिरी झालेली.

आजचा पिक्चर त्या मशीनमधल्या खेळाचाच होता.

मी शाळेत असताना अण्णांनी ते कुठल्याशा मोडीत निघालेल्या दुकानातून आणलं होतं. अण्णा मागावरचे जॉबर. कुठल्याही कारखान्यात माग अडला की त्यांना बोलावणं यायचं, आणि बिघाड हाताला लागेपर्यंत ते जेवायला उठत नसत. पण हे मशीन परदेशी, वर इंग्रजी अक्षरं, आत तारांचं जंजाळ. त्याला त्यांनी बाहेरूनच पुसलं, उदबत्ती लावली, आणि बाहेरच्या खोलीत पोरांना खेळायला उघडं केलं. खेळाचं खरं नाव 'लॅम्पमॅन'. ते कोण म्हणणार? आम्ही त्यातल्या गड्याला शिरपा म्हणायचो. शिरपा हातात दिवटी घेऊन पाताळात उतरायचा. त्याच्या मागून एक बारकी पोर चालायची, फ्रॉकातली. दुसऱ्या टप्प्याला दोरांचा पूल यायचा. शिरपा पार व्हायचा, आणि तेवढ्यात पूल तुटायचा. पोर पलीकडंच राहायची. दोर लोंबकळत राहायचा आणि ती काठावर उभी राहून हात हलवायची. शिरपा उजवीकडं चालू लागला, की हळूहळू ती काचेच्या कडेला जाऊन नाहीशी व्हायची.

तिला आम्ही 'मागची' म्हणायचो. आमच्या खोलीत एक रीत पडली होती: मागची हात हलवायला लागली की खेळणाऱ्यानं क्षणभर थांबायचं आणि सगळ्या पोरांनी मिळून तिला टाटा करायचा. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. बाहेर चपला सांभाळत बसलेल्यानंही.

मशीनची दांडी उजवीकडं जायची, वर जायची, खाली जायची. डावीकडं ओढली तर काहीच व्हायचं नाही. पहिल्याच आठवड्यात पोपटनं विचारलं होतं, "अण्णा, शिरपा मागं का जात न्हाई ओ?"

"वीर हाय त्यो," अण्णा म्हणाले होते. "वीर माघारी फिरत न्हाई."

पोरांना हे इतकं आवडलं की आठवड्याभरात त्याचं गाणं झालं. लेझमीच्या ठेक्यावर मशीनच्या पत्र्यावर बडवत म्हणायचो:

शिरपा निघाला पाताळा,
हाती दिवटी, अंधार काळा.
म्होरं जा गड्या, म्होरं जा,
माघारी वाटच न्हाई गा!

आई आतल्या दारात मेथी निवडत बसायची. तिला खेळ कळत नव्हता, पण बघायची. एकदा टाटाचा गलका झाला, तशी ती देठ खुडता खुडता स्वतःशीच गुणगुणली:

काचेच्या पल्याड । उभी एकली साळुंकी
हात हालवीते बाई । निरोप का हाक मुकी

"आई, ती टाटा करतीय," मी म्हटलं होतं.

"व्हय का?" आई म्हणाली. "मग खाली का ठेवत न्हाई गं हात? टाटा एवढा वेळ करत्यात व्हय?"

आम्ही सगळे तिला हसलो होतो.

"झाला का च्या?" अण्णांनी बाहेरून हाक मारली. मी कप तसाच ठेवून निघाले.

टॉकीज घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. उन्हात चालताना मी तोंड उघडत होते आणि मिटत होते.

"अण्णा."

"काय गं?"

"काही नाही. ऊन किती आहे."

"चैत हाय, पडणारच." थोडं चालून ते म्हणाले, "अविनाशराव न्हाई आले?"

"त्यांना काम आहे."

"बोलत हुते का, पिक्चरबद्दल?"

मला हसू येता येता राहिलं. बोलत होते का! माझा नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. तो गप्प बसत होता. भाजी खारट झाली की गप्प, माहेरचा फोन लांबला की गप्प. त्या वर्षी संक्रांतीला मी तिळगूळ पुढं केला, तर त्यानं वाटी बोटानं बाजूला सारली आणि पेपरचं पान उलटलं. त्यानंतर गुढी उतरली तरी घरात त्याचा शब्द नव्हता. एका दुपारी कुकरची शिट्टी झाली आणि मी म्हणाले, "हो, हो, आले." मग ओट्याशी उभी राहून मी त्या कुकरशी बोलतच राहिले, डाळ कशी महाग झालीय, समोरच्या बाईंचा पाय कसा मुरगळला. बरं वाटत होतं बोलून. मग आपण काय करतोय ते ध्यानात आलं, आणि मी माळ्यावरून बॅग काढली.

आणि हे सगळं अण्णांना सांगायचं म्हणजे, मागं एकदा सांगून झालं होतं. काही वर्षांपूर्वीच्या एका दिवाळीत मी फोन केला होता.

"अण्णा, मला तिकडं यायचंय."

"ये की. भाऊबीज झाली की ये."

"तसं नाही. कायमचं."

पलीकडं फक्त मागांची खटक-खटक. मग अण्णा हसले होते. "येडी का काय तू? शिरपा माघारी फिरतोय व्हय कवा?"

मीही हसले होते. फोन ठेवला, डोळे पुसले आणि पाडव्याचं ओवाळायचं तबक तयार केलं. ते वाक्य मग कित्येक वर्षं माझ्या घशात हाडासारखं होतं. त्या दिवशी त्यांच्या शेजारून चालतानाही ते तिथंच होतं.

टॉकीजच्या दारात फ्लेक्स लागला होता. एका बाजूला पिक्चरचा गोरा हिरो, हातात मशाल. दुसऱ्या बाजूला अण्णा, टोपीसकट, हिरोपेक्षा थोडे मोठेच. खाली लिहिलं होतं: 'पाताळाची वाट दाखवणारे आमचे अण्णा. शुभेच्छुक: शिरपा ग्रुप, विटा.'

"पोपट, लेका, हे काय केलंयस?" अण्णा ओरडले, पण टोपी सारखी करत.

पोपट पुढं आला. आता त्याचं मोबाईलचं दुकान होतं, पोट सुटलं होतं. एकसारखे पिवळे टी-शर्ट घालून त्याच्यामागं सगळी जुनी पोरं उभी होती. कुणाचं टक्कल पडलेलं, कुणाच्या कडेवर पोरगं. "अण्णा, आज तुमीच चीफ गेस्ट! वैजूताई, तू आलीस ते लई भारी झालं. नाशकात लागला का गं पिक्चर?"

"लागलाय की."

"मग तू हितं येऊन बघतीस! बघा रे, ह्याला म्हणत्यात निष्ठा!"

मी पर्सची चेन उघडली, फोन बघितला. कुणाचाच कॉल नव्हता. पुन्हा चेन लावली.

पडद्यासमोर नारळ फुटला. अण्णांना शाल घातली. पोपटनं माईक नसताना भाषण केलं: "मित्रांनो, बाकीच्या गावातली पोरं नुसता गेम खेळली. आपल्याला अण्णांनी त्यातनं शिकवण दिली. मी दुकान टाकलं, पयल्या वर्षी बुडालो, घरचे म्हणले बंद कर. मी म्हणलं, शिरपा माघारी फिरत न्हाई!" टाळ्या, शिट्ट्या. अण्णा शालीचं टोक बोटानं चाचपत खाली बघत होते. मला वाटलं, लाजताहेत.

पिक्चर सुरू झाला. हिंदीत डब केलेला. पहिल्या पाच मिनिटांतच अण्णांची चुळबुळ सुरू झाली.

"ह्यो एवढा का बोलतोय?"

"हिरो आहे, अण्णा. बोलणारच."

"खेळात एक शब्द बोलत नव्हता. दिवटी घ्यायचा आन् चालायचा." थोड्या वेळानं: "ही बाई कोण आता? आपल्यात न्हवती ही बाई."

"ती हिरोईन."

"पाताळात? लिपस्टिक लावून?"

मागच्या रांगेतून पोपट वाकला. "अण्णा, थोडं सोसा. म्होरं पूल हाय म्हणं, गेममधल्यागत!"

माझा पाय थांबत नव्हता. खुर्ची जुनी, माझ्या पायानं सगळी रांग हलत होती. कुणीतरी "कोण हलवतंय रे?" म्हणालं, तशी मी गुडघा हातानं दाबून धरला. पडद्यावर ज्वालामुखी फुटत होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. अण्णा, रागावू नका. नको. अण्णा, ऐकून घ्या. नको. कुठलंही वाक्य सुरू केलं तरी ते त्याच एका जागी जाऊन आपटत होतं. माघारी वाटच न्हाई गा.

मध्यंतर झालं. दिवे लागले. हीच वेळ, असं म्हणून मी त्यांच्याकडं वळले.

"अण्णा, मला एक..."

"वडापाव!" पोपट हातात पुडा घेऊन उभा. "गरम हाय, घ्या अण्णा. ताई, तुला तिखट चालतं न्हवं? का नाशकाला जाऊन गोड झालीस?"

"चालतं."

"काय गं, तोंड का उतरलंय? एसटी लागली काय?"

"झोप नाही झाली."

"काय म्हणत हुतीस?" अण्णांनी मला विचारलं.

"नंतर सांगते."

त्यांनी माझ्या हातातला वडापाव बघितला. मी तो धरून होते, नुसता. "खा," म्हणाले. "उपाशी पोटी काय सांगू नये." मग पुन्हा समोरच्या रिकाम्या पडद्याकडं बघत राहिले. त्यांच्याही हातातला तसाच होता.

मध्यंतरानंतर पूल आला. हॉल आपोआप शांत झाला. मान्य करायला हवं, पूल अगदी तसाच होता: तेच दोर, तीच खाली धुक्यानं भरलेली दरी. शिरपा पार झाला. पूल तुटला. दोर लोंबकळू लागला. आणि पलीकडच्या काठावर ती, फ्रॉकातली, मागची, खरीखुरी, सात-आठ वर्षांची मुलगी होऊन उभी. तिनं हात वर केला.

सबंध हॉलमध्ये पन्नास-साठ हात वर गेले. टक्कल पडलेली, पोट सुटलेली, कडेवर पोर असलेली माणसं एका आवाजात ओरडली, "टाटा!"

माझाही हात वर गेला होता.

पडद्यावरचा शिरपा थबकला. त्यानं मान वळवली. मुलीचा चेहरा मोठा झाला. ती रडत होती. ओठ हलत होते, पण धबधब्याच्या आवाजात शब्द बुडत होते. ती बोलावत होती. शिरपानं दिवटी दातांत धरली, लोंबकळणारा दोर पकडला, आणि तो डावीकडं, दरीत, परत उतरू लागला.

"अय्य!" कुणीतरी ओरडलं.

"चुकीचं हाय! ओ, चुकीचं दावतायत!"

"शिरपा माघारी फिरत न्हाई!"

"गेमची वाट लावली राव ह्यांनी!"

शिट्ट्या सुरू झाल्या, पण आता चिडलेल्या. पोपट खुर्चीवर चढला. "बंद करा रे मशीन! आमी ल्हानपणापास्नं खेळलोय! खोटं कायपण दावू नका!" आणि मग सगळ्यांनी खुर्चीच्या हातांवर ठेका धरला. म्होरं जा गड्या, म्होरं जा, माघारी वाटच न्हाई गा! पडद्यावर तो दोराला लटकून खाली उतरत होता आणि गाव त्याला पुढं हो म्हणून दटावत होतं.

मला तिथं बसवेना. कानावर हात ठेवावे, उठावं, बाहेर पडावं, थेट स्टँडवर जावं. पण स्टँडवरून कुठं?

शेजारची खुर्ची करकरली. अण्णा उभे राहिले होते. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

"खाली बसा रे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण जॉबरचा आवाज, मागांच्या गोंगाटातूनही ऐकू जाणारा. ठेका विस्कटला.

"अण्णा, बघा की, काय दावायलेत..."

"बरोबर दावायलेत. पोपट, खाली उतर. पिक्चर बरोबर हाय."

"कसा बरोबर? तुमीच तर..."

"दांडी खराब हुती."

कुणाला कळलं नाही. पडद्यावरचा निळा उजेड अण्णांच्या तोंडावर हलत होता.

"दांडी मोडकी हुती रे. डावीकडं जातच नव्हती. मशीन आलं तवापास्नंच. तुमी पोरांनी इचारलं आन् मला उघडायची भीती वाटली. परदेशी काम, आत काय असंल काय म्हायती. जॉबरला जमत न्हाई म्हणायला लाज वाटली. म्हणून तोंडाला आलं ते बोललो, वीर माघारी फिरत न्हाई. तुमी त्याचं गाणं केलं. गाणं झाल्यावर मग त्येला खोटं कसं पाडायचं?"

पडद्यावर शिरपा दरीच्या तळाशी पोचला होता.

पोपट हळूहळू खुर्चीवरून उतरला. "म्हंजे अण्णा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम शाळेतल्या पोराचा झाला, "ती आपल्याला बोलवत हुती? आन् आमी रोज तिला टाटा केला?"

पुढं कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. अण्णा बसले.

पुढचा पिक्चर मला विशेष आठवत नाही. एक राक्षस आला, एक गाणं झालं, हिरोईननं तलवार चालवली. त्या गोंधळातच कधीतरी मी पडद्याकडं बघत म्हणाले, "अण्णा, मी परत जाणार नाही."

त्यांनीही मान वळवली नाही.

"ठावं हाय."

"कसं?"

"बॅगंची चेन फाटलीया. सकाळधरनं स्वेटरची बाही भाईर आलीय."

पडद्यावर तलवारी खणखणत होत्या. काही वेळानं अण्णांनी त्यांचा वडापाव, तसाच कागदात गुंडाळलेला, माझ्या मांडीवर ठेवला. माझा मी केव्हाच खाली पाडला होता.

बाहेर उन्हानं डोळे दिपले. पिवळे टी-शर्ट फ्लेक्सखाली घुटमळत उभे होते. कुणाला अण्णांच्या जवळ यायचं होतं, कुणाला नव्हतं. शेवटी पोपटच आला. त्यानं आतून उचलून आणलेली शाल झटकली आणि अण्णांच्या खांद्यावर परत घातली.

"कसा वाटला पिक्चर, अण्णा?"

"टाकाऊ," अण्णा म्हणाले. "शिरप्याला बोलायला लावून बिघडवलाय. आन् त्यो राक्षस तर आपल्या मारुतीच्या यात्रंतला बरा. पर ती एक जागा त्येंनी खरी केली."

"व्हय," पोपट म्हणाला. मग फ्लेक्सकडं बघून, "ह्यो उतरवू का?"

"उतरव. लई मोठा काढलायस मला."

आम्ही घराकडं निघालो. आता सांगायचं काही उरलं नव्हतं, तरी पायांना चैन नव्हती. गल्लीच्या तोंडाशी अण्णा थांबले.

"त्या दिवाळीला तू फोन केलतास."

"जाऊ दे, अण्णा."

"न्हाई, ऐक. मी हसलो. फोन ठेवला, जेवायला बसलो, घास गिळंना. तुझी आई गेल्यापास्नं घरात बोलायला कोण हाय? फोन परत करावा म्हणलं तर काय बोलावं सुचंना. मग उठलो आन् मशीनची पाठ काढली."

"कुठल्या मशीनची?"

"आपल्या. तारांना भीत हुतो इतकी वर्षं. आन् बिघाड केवढा? एक बारकी पत्ती, गंजून चिकटलेली. घासली, तेलाचा थेंब सोडला, झालं. शाळकरी पोरानंबी केलं असतं."

मागांची खटक-खटक दोन्ही बाजूंनी चालू होती.

"म्हणजे ती दांडी... चालते?"

"तवापास्नं चालतीया. पोरं यायची तवा अजून थोडीफार. कुणी डावीकडं ओढून बघितलंच न्हाई गं. सगळ्यांना ठावं हुतं, माघारी वाट न्हाई." ते चालू लागले. "तूबी आलतीस, यात्रंला. खेळलीस. मी तुझ्या मागं हुबा. म्हणलं, आता ओढंल, आता ओढंल. पूल तुटला. तू टाटा केलास आन् गेलीस म्होरं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगायला येत असतं तर पत्ती कशाला घासत बसलो असतो?"

घर आलं. बाहेरच्या खोलीत माझी बॅग भिंतीला टेकून उभी होती, आणि खरंच तिच्या फाटलेल्या चेनमधून निळ्या स्वेटरची एक बाही लोंबत होती. अण्णांनी बॅग उचलली. मी घ्यायला गेले तर दिली नाही. आत नेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आईच्या कप्प्याची कडी वाजली. मग ते बाहेर आले, मशीनवरची माळ हळूच बाजूला ठेवली, चादर ओढली आणि बटण दाबलं.

काच गुरगुरली, मग उजळली. तेच पाताळ, तेच चार रंग. इतकं मोठं पाताळ बघून आल्यावर हे किती बारीक वाटलं. मी स्टूल ओढलं. हात विसरले नव्हते. पहिला टप्पा आपोआप पार पडला. अण्णा माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

पूल आला. शिरपा पार झाला. पूल तुटला, दोर लोंबकळला. पलीकडं ती बारकी पोर, जेमतेम दहा-बारा ठिपक्यांची, काठावर येऊन उभी राहिली आणि हात हलवू लागली.

माझा उजवा हात सवयीनं वर निघाला होता. तो मी परत दांडीवर आणला. दांडी गार होती, थोडी तेलकट. मी ती डावीकडं ओढली.

शिरपा वळला. आजवर त्याचा हा चेहरा आम्ही कुणीच बघितला नव्हता. तो दोरापाशी आला, दोर धरला, उतरला. दरीत एक वाट होती, खडकातून कोरलेली, पलीकडं चढणारी. ती कायमच तिथं होती. मी त्याला चढवत नेलं. वर काठ दिसू लागला, मग फ्रॉक, मग ती. शिरपा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

तिचा हात खाली आला.